व्हेर्शेर घराणे
व्हेर्शेर घराणे : न्यू फ्रान्स या वसाहतीत (सध्याच्या कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या भागात) सतराव्या शतकात स्थायिक झालेले एक फ्रेंच लष्करी घराणे. वसाहतीच्या इतिहासात ते माद्लेन (१६७८–१७४७) या कन्येच्या शौर्यकथेमुळे प्रसिद्ध असले, तरी लष्करी वसाहतीकरणाचे स्वरूप व त्याची किंमत समजण्यासाठी संपूर्ण घराण्याचा इतिहास उद्‌बोधक ठरतो.

घराण्याचा मूळ पुरुष फ्रांस्वा झारे द व्हेर्शेर (सु. १६४१–१७००) हा फ्रान्सच्या दोफीने प्रांतातील सँ-शेफ येथील होय. १६६५ मध्ये इरोक्वा संघाच्या हल्ल्यांपासून वसाहतीचे रक्षण करण्यासाठी चौदाव्या लूईने कारिन्यां-साल्येर ही सु. १,२०० सैनिकांची पलटण पाठविली. तीत फ्रांस्वा आपला मामा काँत्रकर याच्या तुकडीत कनिष्ठ अधिकारी होता. १६६६ मध्ये फ्रेंच सैन्याने मोहॉक लोकांची गावे व धान्यसाठे जाळले आणि १६६७ मध्ये तह झाला. पलटण १६६८ मध्ये परत बोलाविण्यात आली, तथापि सु. ४०० सैनिक व अधिकारी तेथेच राहिले. फ्रांस्वा त्यांपैकी एक होता.

त्याने १६६९ मध्ये इल दॉर्लेआं या बेटावरील मारी पेरो हिच्याशी विवाह केला. त्या वेळी वधू केवळ बारा-तेरा वर्षांची होती. वसाहतीत स्त्रियांची संख्या अत्यल्प असल्याने असे अल्पवयीन विवाह होत. या दांपत्यास बारा अपत्ये झाली. १६७२ मध्ये मुलकी कारभारी तालाँ याने फ्रांस्वास सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण तीरावर जहागीर दिली. हे दान निव्वळ सेवेचे पारितोषिक नव्हते. नदीकाठी व विशेषतः रीशल्यू नदीच्या परिसरात माजी अधिकाऱ्यांना जमिनी देऊन, त्यांच्या कुळांसह इरोक्वांच्या मार्गावर संरक्षक फळी उभारणे, हा सरकारचा हेतू होता. ज्या प्रदेशात स्थानिक जमाती पूर्वापार वावरत व शिकार करीत, तेथेच या जहागिरी वसविण्यात आल्या. साहजिकच तह मोडल्यावर युद्धाचा पहिला आघात याच घराण्यांवर झाला.

एक पौगंडवयीन पुत्र व एका कन्येचे लागोपाठचे दोन पती १६९२ पूर्वीच या संघर्षात मारले गेले. १६९० मध्ये मारीने मोजक्या माणसांनिशी गढी राखली. २२ ऑक्टोबर १६९२ रोजी आईवडील परगावी असता चौदा वर्षांच्या माद्लेनने गढीचे दार बंद करून, सैनिकाची टोपी घालून व तोफ डागून हल्लेखोरांना दूर ठेवले.

या प्रसंगाची तिची स्वतःची दोन निवेदने उपलब्ध आहेत. पहिले, १६९९ मधील, संक्षिप्त असून ते दरबारातील एका सरदार-स्त्रीला लिहिलेले विनंतीपत्र आहे. तीत निवृत्तिवेतन किंवा भावास बढती मागितली आहे. अनेक वर्षांनंतरच्या दुसऱ्या निवेदनात वेढा आठ दिवसांचा होतो व साहसप्रसंगही वाढतात. यावरून प्रसंग खोटा ठरत नाही. परंतु पहिले पत्र गरजेपोटी लिहिलेले आणि दुसरे कीर्ती लाभल्यानंतरचे, हे ध्यानात घेऊनच त्यांचा उपयोग करावा लागतो. फ्रांस्वाच्या मृत्यूनंतर त्याचे वेतन माद्लेनला मिळाले, ते आईचा सांभाळ करण्याच्या अटीवर. जहागीरदार म्हणविणाऱ्या या घराण्याची आर्थिक स्थिती या अटीतून दिसते.

माद्लेनने १७०६ मध्ये प्येर-तोमा तार्‌यू द ला पेराद या अधिकाऱ्याशी विवाह केला. तिचा एक भाऊ १७०८ मध्ये इंग्रज वसाहतीतील हेव्हरिल गावावरील स्वारीत ठार झाला. झां (१६८७–१७५२) हा दुसरा भाऊ वसाहतीच्या सैन्यात अधिकारी झाला. म्हणजे पित्याचा पेशा पुढील पिढीतही चालू राहिला. १७६३ च्या पॅरिस तहाने वसाहत ब्रिटिशांकडे गेली व या लष्करी घराण्यांचा राजाश्रय संपुष्टात आला.

अशा घराण्यांचे इतिहास चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी, लेखप्रमाणकांचे दस्तऐवज व जनगणना यांवरून जुळविता येतात. आबे तांगे याचा सात खंडांचा वंशावळी-कोश (१८७१–९०) हे या दिशेचे पायाभूत कार्य होय. व्हेर्शेर येथे १९१३ मध्ये माद्लेनचा भव्य पुतळा उभारण्यात आला. मात्र बारा अपत्ये वाढवून तिच्याआधी दोन वर्षे तीच गढी लढविणारी मारी पेरो बहुतांशी या नोंदींतूनच भेटते.