बुलबुल, पिंजरा आणि पारधी : उर्दू गझलेतील प्रतीकांचा प्रवास



कवितेच्या प्रश्नपत्रिकेत ‘प्रतीक स्पष्ट करा’ असा प्रश्न हमखास असतो. गाईडमधील उत्तर पाठ करून आपण दोन गुण मिळवतो आणि मोकळे होतो. परंतु प्रतीक म्हणजे कवितेच्या अंगावर घातलेला दागिना नव्हे. कवी आणि रसिक यांच्यात ठरलेली ती एक खूण असते, आणि काळ बदलला की त्याच खुणेचा अर्थही बदलतो. आपल्या घराघरांत ऐकू येणाऱ्या उर्दू गझलेचा इतिहास हे याचे उत्तम उदाहरण होय.

प्रथम गझलेची बांधणी पाहू. गझलेचा प्रत्येक शेर दोन ओळींचा आणि अर्थाने स्वतंत्र असतो. मुशायऱ्यात कवी पहिली ओळ पुन्हा पुन्हा म्हणतो. श्रोत्यांची उत्सुकता ताणली जाते. काफिया म्हणजे यमक आणि रदीफ म्हणजे त्यापुढे येणारा तोच तो शब्द. हे दोन्ही श्रोत्यांना मतल्यातच, म्हणजे पहिल्या शेरातच, कळलेले असतात. म्हणून दुसरी ओळ पुरी होण्याआधीच श्रोते रदीफ ओठांवर आणतात. श्रोता येथे नुसता ऐकत नाही, तो शेर पुरा करण्यात सामील होतो.

एवढ्याशा दोन ओळींत मोठा आशय मावतो तो प्रतीकांमुळे. गुल आणि बुलबुल, शमा आणि परवाना, साकी आणि प्याला, कफस म्हणजे पिंजरा आणि सय्याद म्हणजे पारधी, ही फार्सी काव्यातून आलेली मंडळी. त्यांच्या जोडीला तलमीह, म्हणजे जुन्या कथेकडे नुसते बोट दाखवणे. सुळाचा उल्लेख आला की रसिकाला इ. स. 922 मध्ये बगदाद येथे देहदंड झालेला मन्सूर हल्लाज आठवतो; कुदळीचा आला की पहाड फोडणारा फरहाद. कवीला कथा सांगत बसावे लागत नाही.

ही परंपरा उत्तरेत रुजवण्यात आपल्या दख्खनचा वाटा मोठा आहे. औरंगाबादचा (आजचे छत्रपती संभाजीनगर) कवी वली दख्खनी 1700 मध्ये दिल्लीस गेला. पुढे 1720 च्या सुमारास त्याचा दीवान तेथे पोहोचला आणि फार्सीत रमलेल्या दिल्लीच्या कवींना आपल्या बोलीत गझल लिहिण्याची गोडी लागली. त्या काळी पिंजऱ्यातील बुलबुल म्हणजे विरही प्रियकर, किंवा सूफी अर्थाने देहात अडकलेला आत्मा.

नंतर 1857 आले. दिल्ली उद्ध्वस्त झाली. स्वतः कवी असलेला बादशहा बहादूरशाह जफर रंगूनला हद्दपार झाला आणि 1862 मध्ये तेथेच वारला. उजाड बाग आणि कैदी पक्षी या जुन्या प्रतिमा आता डोळ्यांसमोरचे वास्तव ठरल्या. 1893 मध्ये मौलाना हाली यांनी आपल्या ‘मुकद्दमा’मध्ये झिजलेल्या, अनुभवाशिवाय वापरलेल्या प्रतिमांवर कडक टीका केली. जिवंत अनुभव नसेल तर प्रतीक पोकळ होते, हा त्यांचा धडा आजही लागू आहे.

इकबाल यांनी मुलांसाठी लिहिलेली पिंजऱ्यातील पक्ष्याची फिर्याद पुष्कळांनी शाळेत म्हटली असेल. पारतंत्र्याच्या काळात ती वाचणाऱ्याला पिंजरा कोणाचा हे सांगावे लागत नसे. पुढे त्यांनी शाहीन, म्हणजे ससाणा, हे स्वाभिमानाचे प्रतीक उभे केले. हसरत मोहानी यांना तर 1908 मध्ये इंग्रज सरकारविरोधी लेख छापल्याबद्दल तुरुंगात चक्की पिसावी लागली. अशा काळात सय्याद हा शब्द फार कामाचा होता. कवी पक्ष्याविषयी बोलतो, श्रोत्यांना राज्यकर्ता दिसतो, आणि सरकारच्या हाती पुरावा काय, तर एक प्रेमकाव्य!

स्वातंत्र्यानंतरही ही प्रतीके थकली नाहीत. पाकिस्तानात 1951 ते 1955 कैदेत असलेल्या फैज यांनी 1952 च्या संग्रहाला ‘दस्ते-सबा’ नाव दिले. सबा म्हणजे पहाटेचा वारा. जुन्या गझलेत तो प्रेयसीचा निरोप आणी. कैद्यासाठी तो भिंतीपलीकडच्या देशाची खबर आणू लागला. शब्द तोच, पण त्याच्या मागे उभे आयुष्य निराळे.

मराठीलाही या दालनाचा लाभ झाला. फार्सीचे प्राध्यापक माधव जूलियन यांची ‘गज्जलांजलि’ 1933 ची. पुढे सुरेश भटांनी गझल मराठी मनात घट्ट रुजवली.

आता थोडे आपल्याविषयी. आपली पुष्कळ मुले मराठी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यात गैर काहीच नाही. परंतु आजोबांच्या तोंडचा शेर नातवाला नुसता नाद वाटू लागला, तर कुलूप शिल्लक राहील आणि किल्ली हरवेल. नामवंत उर्दू कवींचे काव्य देवनागरीतही छापलेले मिळते. तेव्हा लिपीची सबब पुरेशी नाही.

पालकांनो, घरात एखादा शेर आला की त्याचा अर्थ मुलांना सांगा. विद्यार्थ्यांनो, शेर ऐकलात की तीन प्रश्न विचारा : हा कधी लिहिला? तेव्हा पारधी कोण होता? आणि आज हा शेर मला का भिडतो? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे इतिहासाच्या पुस्तकात सापडतील. तिसऱ्याचे उत्तर कोणत्याही गाईडमध्ये नाही. ते तुमचे तुम्हालाच लिहावे लागेल.