भटक्या कुत्र्यांबाबत महापालिका काय करू शकते आणि काय नाही?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाला कुत्रा चावल्याचा मेसेज आला की लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, "महापालिकेला फोन करा, सगळी कुत्री उचलून नेतील." दुसरा म्हणतो, "हात लावून बघा, गुन्हा दाखल होईल." दोघांचंही म्हणणं अर्धंच खरं आहे. महापालिकेला अधिकार आहेत, पण ते कसे वापरायचे हे केंद्राच्या नियमांनी बांधून दिलेलं आहे.

अधिकार नेमका कोणाचा?

स्थानिक स्वराज्य संस्था हा राज्याचा विषय. प्राण्यांवरील क्रूरता रोखणं मात्र समवर्ती सूचीत येतं, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघंही कायदे करू शकतात. 74व्या घटनादुरुस्तीनंतर आलेल्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे शहरी संस्थांकडे सोपवता येणाऱ्या कामांच्या यादीत, कोंडवाडे आणि प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध यांचाही समावेश आहे.

सध्या भटक्या कुत्र्यांबाबतचा कारभार मुख्यतः 'प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023' नुसार चालतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राने हे नियम केले आणि 2001 चे जुने नियम रद्द झाले. नव्या नियमांत भटक्या कुत्र्यांना 'सामुदायिक प्राणी' म्हटलं आहे. नियमांची अंमलबजावणी ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायतीही यात आल्या.

पूर्वी कुत्री मारली जायची ना?

हो. ब्रिटिश काळात मुंबईत कुत्री मारणाऱ्यांना बक्षीस मिळत असे. 1832 मध्ये या मोहिमेविरुद्ध शहरात दंगल झाली. कुत्र्याला धार्मिक महत्त्व देणारा पारशी समाज त्यात आघाडीवर होता. कुत्री मारण्याची पद्धत त्यानंतरही दीर्घकाळ सुरू राहिली. मुंबईत 1990 च्या दशकात ती थांबली आणि नसबंदीचा मार्ग स्वीकारला गेला.

त्यामागे भूतदया होती, तसं व्यवहारी कारणही होतं. एका भागातली कुत्री मारली तरी तिथला उघडा कचरा आणि खाणं तसंच राहतं. मग शेजारच्या भागातली, लस न घेतलेली कुत्री तिथे येतात. नसबंदी आणि लस झालेली कुत्री त्याच जागी राहिली तर संख्या हळूहळू घटते आणि रेबीजची साखळी तुटते. त्यासाठी किमान 70 टक्के कुत्र्यांना लस मिळायला हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

महापालिका काय करू शकते?

• प्रशिक्षित कर्मचाऱ्यांकडून कुत्री पकडणं. कुत्रा कुठून उचलला याची नोंद ठेवावी लागते.
• नसबंदी, रेबीजची लस आणि जंताचं औषध देऊन कुत्र्याला त्याच भागात परत सोडणं. नसबंदी झालेला कुत्रा ओळखता यावा म्हणून त्याच्या कानाला खाच मारतात.
• रेबीजची शंका असलेला कुत्रा पकडून वेगळा ठेवणं.
• असाध्य आजारी किंवा प्राणघातक जखमी कुत्र्याला, तज्ज्ञांनी तपासल्यानंतर, वेदनारहित मरण देणं.
• पाळीव कुत्र्यांसाठी परवाना आणि लसीकरण सक्तीचं करणं.

काय करू शकत नाही?

सरसकट कुत्री मारता येत नाहीत. केवळ तक्रार आली म्हणून निरोगी कुत्रा एका वॉर्डातून उचलून दुसऱ्या वॉर्डात किंवा गावाबाहेर सोडता येत नाही. रहिवाशांनी खासगी माणसं लावून कुत्री हलवणं तर बेकायदाच आहे. प्राण्याला ठार मारल्यास किंवा जायबंदी केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये काय बदललं?

11 ऑगस्टला दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आणि परत न सोडण्याचा आदेश दिला. त्यावर देशभर वाद झाला. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री त्याच भागात सोडायची, पण रेबीज झालेली किंवा त्याची शंका असलेली आणि आक्रमक कुत्री सोडायची नाहीत, असं ठरलं. प्रत्येक वॉर्डात खाऊ घालण्याच्या जागा ठरवायलाही सांगितलं आणि प्रकरणाची व्याप्ती सर्व राज्यांपर्यंत वाढवली.

7 नोव्हेंबरच्या आदेशाने आणखी एक अपवाद केला. शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बस स्थानकं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री नसबंदी व लसीकरणानंतर निवाऱ्यात ठेवायची, तिथे परत सोडायची नाहीत. या प्रकरणाची सुनावणी त्यानंतरही सुरू राहिली.

खाऊ घालण्यावर बंदी आहे का?

नाही, पण कुठेही घालता येत नाही. नियम 20 नुसार जागा आणि वेळ ठरवायची असते. लहान मुलांच्या खेळण्याची जागा, जिने, इमारतीचं प्रवेशद्वार टाळावं लागतं. वाद झाल्यास प्राणी कल्याण समितीपुढे तो नेता येतो. सोसायटीने बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण आपल्या प्राण्यापासून इतरांना धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्या मालकावर न्याय संहितेच्या कलम 291 खाली कारवाई होऊ शकते.

बाकी प्राण्यांचं काय?

मोकाट गुरं कोंडवाड्यात टाकून दंड वसूल करण्याची तरतूद 1871 पासूनच्या कायद्यात आहे. बिबट्या, माकड किंवा साप दिसला तर मात्र वनविभागाला कळवायचं. यांतले बहुतेक प्राणी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात.

मग अडतं कुठे?

2019 च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे 1 कोटी 53 लाख भटकी कुत्री आहेत. नसबंदी केंद्रं, पशुवैद्यक आणि पकडणारी पथकं त्या मानाने तोकडी पडतात. वर्षाला थोड्या कुत्र्यांची नसबंदी करून उपयोग होत नाही, कारण उरलेल्यांची पिल्लं ती घट भरून काढतात. त्यामुळे नगरसेवकाला किंवा वॉर्ड ऑफिसला विचारायचे प्रश्न साधे आहेत: आपल्या वॉर्डात कुत्री किती? त्यांतल्या किती जणांची नसबंदी झाली? शेवटचं लसीकरण कधी झालं? ही माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते.

कुत्रा चावला तर?

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा आणि सगळे डोस पूर्ण करा. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजमधून माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं. त्यानंतर महापालिकेच्या आरोग्य किंवा पशुवैद्यकीय विभागाकडे लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. तो कुत्रा कोणता आणि कुठे असतो हेही कळवा, म्हणजे पथकाला तो शोधून निरीक्षणाखाली ठेवता येईल.