नॉर्वेच्या होड्या आणि कोळंबीचा भाव

गेल्या जूनमध्ये वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "सर, पावसाळ्यात मासेमारीवर बंदी कुणी आणली?" मुलगा दालदी घरातला, वडील बोटीवर. मी 1981 च्या महाराष्ट्राच्या कायद्याचं नाव सांगून मोकळा झालो. खरं तर या प्रश्नाचं एक टोक केरळात, कोल्लमजवळच्या नीण्डकरा गावात सापडतं.

ऑक्टोबर 1952 मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात एक करार झाला. महायुद्धात पोळलेला नॉर्वे तेव्हा स्वतःच अमेरिकेच्या मार्शल मदतीच्या आधाराने नुकताच सावरत होता, तरी त्याने आपल्याला हात दिला. हे मला आजही मोठं वाटतं. हेतू साधा होता. मासळी वाढावी, कोळ्यांची मिळकत वाढावी, लोकांच्या ताटात सकस अन्न यावं. नीण्डकरा-शक्तिकुलंगरात 1953 पासून काम सुरू झालं. दवाखाना आला, नळाचं पाणी आलं. जुन्या होड्यांना इंजिन बसवण्याचा प्रयत्न जमेना, म्हणून नव्या बांधणीच्या यांत्रिक होड्या आल्या.

आणि मग कोळंबीला परदेशी गिऱ्हाईक मिळालं.

इथे सगळी गोष्ट फिरली. गोठवलेली कोळंबी अमेरिकेला, पुढे जपानला जाऊ लागली. ज्या होड्या गावाला मासे खाऊ घालण्यासाठी आल्या, त्या समुद्राचा तळ खरवडणारी ट्रॉल जाळी ओढू लागल्या. पैसा आला, नाकारत नाही. काही कोळी घरं खरोखर वर आली. पण ट्रॉलर घ्यायला भांडवल लागतं, त्यामुळे बाहेरचे पैसेवाले शिरले. साध्या होडीवाल्याच्या जाळ्यांवरून ट्रॉलर जाऊ लागले. तारली-बांगडा ही गरिबाची मासळी. तिचा विचार कुणी करायचा?

नॉर्वेजियन 1972 मध्ये परतले. भांडण मागे राहिलं. केरळने 1980 मध्ये कायदा केला, तरी 1984 मध्ये पारंपरिक मच्छीमारांना रस्त्यावर उतरावं लागलं; त्यांच्यासाठी ख्रिस्ती नन्सही उपोषणाला बसल्या. अखेर 1988 मध्ये पावसाळ्यातली ट्रॉलिंगबंदी आली.

मला नॉर्वेला दोष द्यायचा नाही. करार करणाऱ्यांनी मासे किती वाढतील हे पाहिलं, ते कुणाच्या ताटात जातील हे बाजारावर सोडलं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला हे सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "पण सर, दोन महिने घरात पैसे कुठून येणार?"