यॉर्क : एका स्थलनामाची भाषिक जडणघडण

स्थलनाम हे इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन होय. तथापि, केवळ प्रचलित रूपावरून नामाचा अर्थ लावणे दिशाभूल करणारे ठरू शकते. उत्तर इंग्लंडमधील यॉर्क या नगराचे नाव या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

इ.स. ७१ च्या सुमारास रोमनांनी ऊझ व फॉस या नद्यांच्या संगमाजवळ लष्करी तळ उभारला. तो ‘एबोराकम’ म्हणून ओळखला जाई. हे नाव लॅटिन भासत असले तरी त्याचे मूळ स्थानिक केल्टिक भाषेत आहे. ‘एबुरोस’ म्हणजे यू नावाचा सूचिपर्णी वृक्ष. त्याला स्थानवाचक प्रत्यय लागून ‘यू वृक्षांचे ठिकाण’ असा अर्थ होतो व तोच बहुतांश अभ्यासक ग्राह्य मानतात.

पाचव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधील रोमन सत्ता संपुष्टात आली. त्यानंतर आलेल्या अँग्लो-सॅक्सनांना हे नाव अर्थहीन वाटले असावे. ध्वनिसाम्यामुळे त्यांनी त्यात स्वभाषेतील ‘एओफोर’ म्हणजे रानडुक्कर हा शब्द पाहिला व वस्तीवाचक ‘विक’ जोडून ‘एओफोरविक’ हे नाम रूढ केले. वृक्षाच्या जागी प्राणी आला! भाषाशास्त्रात या प्रक्रियेस लोकव्युत्पत्ती म्हणतात.

इ.स. ८६६ मध्ये व्हायकिंगांनी नगर जिंकले. त्यांच्या उच्चारात त्याचे ‘योरविक’ झाले आणि पुढे संक्षेप होत ‘यॉर्क’ हे रूप स्थिरावले. इ.स. ९५४ मध्ये तेथील व्हायकिंग राजवट संपली. परंतु भाषेचा ठसा पुसला गेला नाही. ‘कॉपरगेट’सारख्या मार्गनामांतील ‘गेट’ म्हणजे दरवाजा नव्हे, तर नॉर्स ‘गाटा’, म्हणजेच रस्ता. तटबंदीच्या दरवाजांना यॉर्कमध्ये ‘बार’ म्हणतात. मूळ रोमन नामही सर्वस्वी लोपले नाही. यॉर्कचे आर्चबिशप स्वाक्षरीत ‘एबोर’ हे संक्षिप्त रूप वापरतात.

इ.स. १६६४ मध्ये इंग्रजांनी डचांकडून न्यू ॲमस्टरडॅम घेतले व ड्यूक ऑफ यॉर्कच्या सन्मानार्थ त्यास न्यूयॉर्क हे नाव दिले. अशा रीतीने एका केल्टिक वृक्षनामाचा अवशेष अटलांटिकपार पोहोचला.

सारांश, लोकव्युत्पत्ती मूळ अर्थाच्या दृष्टीने चुकीची असली तरी इतिहासाच्या दृष्टीने निरुपयोगी नसते. रानडुकराचा अर्थ नगराच्या स्थापनेविषयी काही सांगत नाही. परंतु तेथे नवी भाषा बोलणारा समाज स्थिरावला, हे निश्चित सांगतो. म्हणून स्थलनामाच्या अभ्यासकाने नोंदींतील प्राचीनतम रूप शोधावेच, शिवाय नंतरच्या प्रत्येक रूपाकडेही स्वतंत्र पुरावा म्हणून पाहणे आवश्यक आहे.