लोणारचं वय किती?

आमच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांच्या जोत्याला जो काळा दगड दिसतो, तसाच बेसाल्ट बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारलाही आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा दगड. लोणारला मात्र त्यात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा आहे आणि तळाशी खारं पाणी. विष्णूने तिथे लवणासुराला मारलं, अशी कथा आहे. अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त लोणारची नोंद घेतली ती काच आणि साबणाला लागणाऱ्या क्षारांमुळे. मोगल दफ्तराला महसूल दिसला. खड्डा कसा पडला हा प्रश्न त्या दफ्तराचा नव्हताच!

इंग्रजी अमदानीत अनेकांनी हे ज्वालामुखीचं तोंड मानलं. १९७३ साली फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या भारतीय-अमेरिकी सहकाऱ्यांनी तळाखालचे दगड तपासले. प्रचंड दाबानेच काचेसारखे होणारे स्फटिक त्यांत सापडले. म्हणजे आकाशातून काहीतरी आदळलं होतं. पण कधी?

कुणी पाहिलं असेल तर तारीख सोपी. १६२१ मध्ये जालंधरजवळ लोखंडी उल्का पडली, ती जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत नोंदवली आणि तिच्या तलवारी घडवून घेतल्या. लोणारला असा साक्षीदार नाही, आदळलेल्या उल्केचा धड तुकडाही हाती नाही. उरला तो आघाताच्या उष्णतेने वितळलेला आपलाच काळा दगड. त्याच्याकडूनच वय काढावं लागतं.

पहिली पद्धत अशी. जमिनीतल्या किरणोत्सर्गाची थोडी थोडी ऊर्जा काचेत साठत जाते आणि तापवल्यावर ती उजेड होऊन बाहेर पडते. तो उजेड मोजून १९९७ साली ५२ हजार वर्षं हे उत्तर आलं, सहा हजार इकडे-तिकडे. पुढे हाच आकडा सर्वत्र चालला.

दुसरी पद्धत आर्गॉनची. दगडातल्या पोटॅशियमचा एक प्रकार अतिशय सावकाश आर्गॉन वायूत बदलतो. निम्मा व्हायला १२५ कोटी वर्षं लागतात. दगड वितळला की साठलेला वायू उडून जातो आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. २०११ मध्ये जूर्दां आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीने ५ लाख ७० हजार वर्षं हे वय दिलं, ४७ हजार इकडे-तिकडे.

दहापटीहून अधिक फरक! दोन्ही घड्याळं चुकू शकतात. साठलेली ऊर्जा हळूहळू गळते, मग वय कमी दिसतं. उलट दगड नीट वितळला नाही, तर साडेसहा कोटी वर्षांचा जुना आर्गॉन आत अडकून राहतो आणि वय फुगतं. त्यात आपल्या बेसाल्टमध्ये पोटॅशियमच कमी. तरी जूर्दांच्या गटाने या अडकलेल्या वायूचा हिशेब वेगळा धरला होता, त्यामुळे माझा कल त्यांच्याकडे आहे.

हा वाद नुसत्या आकड्यांचा नाही. ५२ हजार वर्षं खरी असतील, तर तो लोळ आपल्यासारख्याच माणसांनी पाहिला असण्याची शक्यता उरते. पावणेसहा लाख खरी असतील, तर आधुनिक माणूस तेव्हा जन्मलाच नव्हता. त्याचे सर्वांत जुने अवशेष मोरोक्कोतले, सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे. भारतात तेव्हा दगडी हातकुऱ्हाडी घडवणारे आपले दूरचे नातलग होते. पाहिलं असेल तर त्यांनीच.