क्रीडासवलतीतील गैरप्रकारांची सिद्धता

क्रीडासवलतीतील गैरप्रकार म्हणजे खेळाडू असल्याच्या नात्याने विद्यार्थ्याला मिळणारे वाढीव गुण, हजेरीतील सूट, प्रवेशातील वा नोकरीतील राखीव जागा यांपैकी काहीही खोट्या कागदाच्या किंवा खोट्या अभ्यासाच्या आधारे पदरात पाडून घेणे होय. असा आरोप झाल्यावर तो कोणी, कोणत्या कागदांवरून आणि किती खात्रीने शाबीत करायचा, हा त्याच्या सिद्धतेचा प्रश्न ठरतो. या गैरप्रकाराच्या दोन उलट दिशा आहेत. अमेरिकी विद्यापीठांत खेळाडू मैदानावर टिकावा म्हणून त्याचा अभ्यास खोटा दाखवला जातो, तर महाराष्ट्रात उमेदवार परीक्षेत किंवा नोकरीत पुढे जावा म्हणून त्याचा खेळ खोटा दाखवला जातो. त्यामुळे तिकडचा पुरावा वर्गात आणि उत्तरपत्रिकेत सापडतो, इकडचा मैदानाच्या दप्तरात शोधावा लागतो.

अमेरिकी प्रकरणांपैकी दोन येथे पुरेशी आहेत. मिनेसोटा विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातील खेळाडूंसाठी आपण ४०० हून अधिक निबंध व गृहपाठ लिहून दिले, असे तेथील एका माजी कर्मचारी महिलेने १९९९ मध्ये वृत्तपत्राला सांगितले आणि तिच्याकडे जपून राहिलेल्या संगणकीय प्रतींमुळे तिचे म्हणणे नुसत्या शब्दावर राहिले नाही. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील प्रकरणात मात्र कागद भरपूर असूनही आरोप वेगळ्याच ठिकाणी अडला. १९९३ ते २०११ या काळात तेथे तास न भरवता केवळ एका निबंधावर गुण देणारे ‘कागदी वर्ग’ चालले आणि त्यांत ३,१०० हून अधिक विद्यार्थी होते, असे २०१४ च्या चौकशी अहवालाने दाखवले. त्यांतील जवळजवळ निम्मे खेळाडू होते. तरीही आंतरमहाविद्यालयीन क्रीडासंघटनेने २०१७ मध्ये शैक्षणिक फसवणुकीचा नियमभंग सिद्ध होत नाही असा निर्णय दिला, कारण ते वर्ग खेळाडूंपुरते नव्हते, सर्वांना खुले होते. घडलेले सर्वांना मान्य, पण ते नियमाच्या शब्दांत बसत नाही, अशी ही अवस्था होती.

महाराष्ट्रात सवलतींची साखळी शाळेपासून सुरू होते. दहावी-बारावीच्या परीक्षेत क्रीडास्पर्धेचा स्तर व यश पाहून कमाल २५ पर्यंत सवलतीचे गुण दिले जातात, विद्यापीठांच्या नियमांत खेळाडूंना थोड्या वाढीव गुणांची तरतूद असते आणि स्पर्धेचे दिवस हजेरीत धरले जातात. या साखळीचा सर्वांत मोलाचा दुवा शासकीय नोकरीतील खेळाडूंचे ५ टक्के समांतर आरक्षण हा आहे. ‘समांतर’ म्हणजे सामाजिक प्रवर्गांना आडवे छेदून जाणारे, प्रत्येक प्रवर्गातील जागांमधूनच बाजूला काढलेले आरक्षण. त्याविषयीचा शासन निर्णय ३० एप्रिल २००५ रोजी निघाला आणि १ जुलै २०१६ च्या निर्णयाने त्यात सुधारणा झाली. प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडे असते. ज्या कागदावर पोलीस शिपाई, तलाठी किंवा राज्यकर निरीक्षकाची जागा अवलंबून असते, तो कागद विकला जाऊ लागला यात आश्चर्य नाही. तो इतकी वर्षे साध्या छापील फॉर्मवर भरला जात होता, हेच अधिक आश्चर्याचे आहे.

रेवससारख्या बंदरगावातून पाहिले तर ही साखळी कशी चालते ते स्पष्ट दिसते. रेवस रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यात येते. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी वर जातात. जिल्ह्याचे क्रीडा संकुल अलिबागजवळ नेहुली येथे आहे, विभाग मुंबईचा आहे, दहावी-बारावीची परीक्षा मुंबई विभागीय मंडळाकडे आणि पदवी मुंबई विद्यापीठाकडे आहे. म्हणजे एकाच खेळाडूची नोंद चार निरनिराळ्या कचेऱ्यांत उमटते आणि खोटा दाखला करणाऱ्याला या चारही नोंदी एकमेकींशी जुळवता येत नाहीत. मरीन लाइन्सच्या विद्यापीठ मैदानावर सामना खेळायला रेवसचा विद्यार्थी भाऊच्या धक्क्याची लाँच धरून जातो, तेव्हा संघव्यवस्थापकाच्या प्रवासभत्त्याच्या बिलाला जोडलेले लाँचचे तिकीटही पुढे पुराव्याचे काम करू शकते. प्रमाणपत्र खोटे करणे सोपे असते. त्यामागचा प्रवास, जेवण, हजेरी आणि मुक्काम खोटा करणे तितके सोपे नसते.

खोट्या दाखल्यांचे प्रकार एकसारखे नसतात आणि प्रत्येकाची सिद्धता निराळी असते. काही वेळा स्पर्धाच झालेली नसते. काही वेळा स्पर्धा खरी असते, पण संघाच्या यादीत नाव मागाहून घुसवलेले असते. काही वेळा मैदानावर एक उतरतो आणि कागदावर दुसरा राहतो. वयोगटाच्या स्पर्धांत जन्मतारीख बदलण्याची खोड याचेच भावंड म्हणावी लागेल. चौथा प्रकार सर्वांत अवघड, कारण त्यात दाखला खरा असतो पण सवलतीला लागू नसतो. रायगडच्या किनारपट्टीवर गावोगावच्या मंडळांच्या कबड्डी स्पर्धा मोठ्या हिरिरीने होतात, त्यांत प्रमाणपत्रे वाटली जातात आणि ती देणाऱ्याचा हेतूही स्वच्छ असतो. मात्र मान्यताप्राप्त संघटनेच्या विहित स्तरावरील स्पर्धेत ती मोडत नसल्यामुळे त्यांवर गुण किंवा आरक्षण मिळत नाही. असा दाखला जोडणाऱ्याला लबाड म्हणणे अन्यायाचे होईल, पण तो जोडलेला पाहून डोळे मिटणाऱ्या अधिकाऱ्याला तसे म्हणता येईल.

चौकशीत सर्वाधिक वजन असते ते गुणपत्रकाला, म्हणजे खेळाडू ज्याला ‘स्कोअरशीट’ म्हणतात त्या कागदाला. कबड्डीच्या गुणपत्रकात दोन्ही संघांच्या बारा-बारा खेळाडूंची नावे छातीवरच्या क्रमांकांसह सामन्याआधी भरली जातात, चढाईगणिक धावती गुणसंख्या तिरक्या रेषेने खोडत नेली जाते, लोणाचे, म्हणजे संपूर्ण संघ बाद केल्याचे, गुण वेगळ्या खुणेने दाखवले जातात आणि शेवटी गुणलेखक, पंच व सरपंच (मुख्य पंच) सह्या करतात. असा कागद सामना चालू असतानाच घाईने, एकाच पेनाने भरला जातो. त्यात मागाहून नाव घुसवले तर शाई, अक्षराचे वळण किंवा ओळीतील दाटी बोलू लागते. राखीव खेळाडूचे नाव यादीत असूनही एकाही सामन्यात त्याच्या क्रमांकापुढे खूण नसेल तर एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही, कारण बाकावर बसलेलाही संघाचाच असतो. मात्र त्याचे नाव प्रवेशिकेत नसून केवळ अंतिम यादीत असेल, तर प्रश्न विचारावाच लागतो. गुणपत्रकाच्या जोडीला भाग्यपत्रिका तपासली जाते. भाग्यपत्रिका म्हणजे कोणता संघ कोणाशी केव्हा भिडेल हे ठरवणारा, चिठ्ठ्या टाकून केलेला आराखडा. तिच्यात ज्या संघाला जागाच नाही, त्याला तिसरे स्थान मिळणे शक्य नसते. शिवाय प्रतिस्पर्धी संघाकडे, यजमान संस्थेकडे आणि संघटनेकडे याच स्पर्धेचे कागद स्वतंत्रपणे असतात.

अशी प्रतिपक्षाची साक्ष सांघिक व लोकप्रिय खेळांत सहज मिळते, अल्पपरिचित वैयक्तिक खेळांत मिळत नाही. कबड्डीत हरलेल्या संघाचे बारा जण सामना विसरत नाहीत. ज्या खेळाचे प्रेक्षकच नाहीत, त्यात विरोधात बोलणारा कोणी उरत नाही. तेव्हाच्या औरंगाबाद विभागात उघड झालेल्या बोगस प्रमाणपत्रांच्या प्रकरणात ट्रॅम्पोलिन व टंबलिंग, म्हणजे ताणलेल्या जाळीवरच्या उड्या आणि कोलांट्यांचा खेळ, पुढे यावा हा म्हणूनच योगायोग वाटत नाही. विभागीय स्तरावर ‘पडताळणी अहवाल’ मिळालेली प्रमाणपत्रेही पुढे संशयास्पद ठरली, आणि २०२१ मध्ये नागपूरच्या पोलीस तपासात क्रीडा विभागातील अधिकाऱ्यापर्यंत हात पोहोचला. पडताळणी करणाऱ्याचीच पडताळणी करायची वेळ आली, तेव्हा मूळ गुणपत्रकांना पुन्हा महत्त्व आले.

पुराव्याचे माप किती असावे, हे न्यायालयांनी परीक्षेतील गैरप्रकारांच्या खटल्यांत ठरवले आहे आणि तेच माप क्रीडासवलतींनाही लागू पडते. १९६२ च्या घनश्याम दास गुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा मंडळाला, शिक्षा करण्यापूर्वी विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, असे बजावले. महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निकाल १९९१ मधला, महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध के. एस. गांधी हा आहे. मार्च १९९० च्या दहावीच्या परीक्षेत मुंबई विभागातील २८३ परीक्षार्थींच्या, उत्तरपत्रिका फेरतपासणाऱ्या नियामकांनी भरलेल्या गुणपत्रकांत फेरफार आढळला. गुण बदलले गेले हे मान्य, पण ते आम्ही बदलले नाहीत, असा परीक्षार्थींचा बचाव होता. उच्च न्यायालयाने मंडळाची कारवाई रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. अशा प्रकरणात प्रत्यक्ष साक्षीदार मिळणे दुरापास्त असते आणि फेरफाराचा लाभ ज्याला झाला त्याच्याकडे परिस्थिती बोट दाखवत असेल, तर संभाव्यतेचे पारडे कोणीकडे झुकते एवढे पाहणे पुरेसे आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याच निकालात अनुमान आणि अटकळ यांतला भेदही सांगितला गेला: अनुमानाला सिद्ध झालेल्या वस्तुस्थितीचा पाया लागतो, नुसता संशय कितीही गडद झाला तरी पुरावा होत नाही. निकालाचा हा उत्तरार्ध चौकशी समित्यांच्या अहवालांत क्वचितच आढळतो.

फौजदारी खटल्यात हे माप बदलते. तेथे वाजवी शंकेला जागा उरता कामा नये. १ जुलै २०२४ पासूनच्या कृत्यांना भारतीय न्याय संहितेची फसवणूक व बनावट दस्तऐवज यांविषयीची कलमे लागतात, त्याआधीच्यांना भारतीय दंड संहितेचीच. त्यामुळे एखाद्याची निवड रद्द होऊनही तो फौजदारी खटल्यातून सुटू शकतो, आणि या दोन निकालांत विसंगती नसते, कारण दोघांचे मोजमापच भिन्न आहे. जातप्रमाणपत्रांच्या संदर्भात २०१७ च्या जगदीश बहिरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. दावा अवैध ठरला की, उमेदवाराचा हेतू वाईट होता हे दाखवण्याची गरज न ठेवता, त्यावर मिळालेला लाभ जातो, असे तेथे ठरले. तो निकाल जातपडताळणीच्या कायद्यावर उभा आहे आणि क्रीडा प्रमाणपत्रे शासन निर्णयांवर. त्यामुळे तो जसाच्या तसा येथे लावता येत नाही.

२०२२ मध्ये क्रीडा विभागाने बोगस प्रमाणपत्रे स्वतःहून परत करण्याची मुदत दिली. आलेला प्रत्येक कागद संघटना, वर्ष, स्पर्धा आणि सही करणारा यांची नोंद घेऊन येत असल्यामुळे, परत करणाऱ्याच्या कबुलीबरोबरच विकणाऱ्याविरुद्धची साखळीही तपास यंत्रणेच्या हाती आपोआप जुळत जाते.