पंखा फिरतो, डिस्प्ले येत नाही

रविवार, 30 जुलै 2023, रात्री 9.40

एक रुपयात पीक विमा मिळण्याचं ते पहिलंच वर्ष. अर्जाची शेवटची तारीख उद्याची. दर्यापुरात बनोसा भागातल्या माझ्या सेवा केंद्राच्या टेबलावर 38 शेतकऱ्यांचे कागद पडलेले: सातबारा, आधार, पासबुक, पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र. शेतकऱ्याने द्यायचा एक रुपया, आणि केंद्राला विमा कंपनीकडून अर्जामागे 40. मशीन एकच, दहा वर्षांचं, 4 जीबी रॅमचं. पोर्टल उघडलं की धापा टाकायचं. त्यामुळे दुपारीच अकोल्याहून 240 जीबीची एसएसडी आणि 4 जीबीची आणखी एक रॅम आणून ठेवली होती.

शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री चालतं मशीन उघडणाऱ्या माणसाला आमच्याकडे एक शब्द आहे. तो छापता येत नाही.

रात्री 10.30

कॅबिनेटचं झाकण काढलं. आत काळ्या मातीची मैद्यासारखी भुकटी. ब्रशने झाडली. एसएसडीला करंट देणारी वायर पोचत नव्हती, म्हणून वायरींचा झुपका ओढून घेतला, मध्ये येणारं एकदोन काढून बाजूला केलं. रॅम खाचेत बसवली, दोन्ही कानांचा 'टक' आवाज ऐकला. हात कसा सफाईने चालत होता त्या रात्री!

रात्री 11.15

बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला. मॉनिटर मात्र काळा.

रात्री 11.50

संशय नव्या रॅमवर. तोही अगदीच वावगा नव्हता. स्वस्तातल्या काही डीडीआर3 रॅम फक्त एएमडीच्या बोर्डावर चालतात. पिना त्याच 240, खाच तीच, इंटेलच्या बोर्डावरही बसते गुमान, पण चालत नाही. नवी काढली, जुनीच ठेवली. पंखा फिरला. मॉनिटर काळा.

इथेच मला थांबायला हवं होतं. नवं काढूनही दुखणं राहतं, म्हणजे दुखणं नव्या वस्तूत नाही, बसवणाऱ्याच्या हातात आहे. मी झोपायला गेलो.

सोमवार, 31 जुलै, सकाळी 7.10

दारात चार माणसं. येवद्याचे एक मामाजी सगळ्यांत पुढे, पिशवी छातीशी धरून.

"काहून बंद हाय बापा?"

"होते चालू, मामाजी. पाच मिनिटं."

सकाळी 8 ते 11

रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासल्या. दर्यापूर असो की दिल्ली, हा उपचार पहिला. मॉनिटरची वायर बदलली. बोर्डावरची सीआर2032 बॅटरी काढून दहा मिनिटांनी परत लावली, म्हणजे जुन्या सेटिंग पुसल्या जातात. प्रत्येक वेळी पंखा फिरायचा. फिरणारा पंखा ही मोठी फसवी गोष्ट आहे. वाटतं, जीव आहे. पंख्याला 12 व्होल्ट मिळाले की तो फिरतो, प्रोसेसर जागा असो वा नसो.

बाहेर आता वीसेक माणसं. पाऊस भुरभुर. कोणीतरी चहा सांगितला, माझ्यासाठीही.

दुपारी 12.30

एसएमपीएस, म्हणजे मशीनला करंट पुरवणारा डबा, तपासला. बोर्डाचं मोठं 24 पिनांचं कनेक्टर काढून त्यातली हिरवी वायर काळीला पेपर क्लिपने जोडली. एसएमपीएस सुरू झाला. म्हणजे पुरवठा ठीक, असं मी ठरवून टाकलं. मोठं कनेक्टर परत लावताना माझं मनगट लोंबणाऱ्या दुसऱ्या एका वायरीला घासलं असणार. पाहिलं नाही.

दुपारी 2.15

या मशीनला सुरू होताना एक बारीक 'टीक' करायची सवय होती. ती कालपासून ऐकलीच नव्हती, हे आत्ता लक्षात आलं. रॅम काढून बटण दाबलं. रॅम नसेल तर बोर्डाने बोंब मारायला हवी, लांब लांब बीप. काहीच नाही. याचा अर्थ प्रोसेसर उठतच नाही. आणि प्रोसेसरला करंट वेगळ्या वायरीने जातो. एवढं कळायला आणखी एकच पायरी हवी होती. तेवढ्यात एकाने विचारलं, "भाऊ, माह्या मुंगाचं होते का नाई?" आणि मी त्याला समजावत बसलो.

सायंकाळी 5

बायको म्हणाली, "कागदं दुसऱ्या केंद्रावर नेऊन द्या ना." मी म्हटलं, होईल. खरं कारण सांगतो: दुसऱ्या केंद्रावर कागद घेऊन जायची लाज. 38 गुणिले 40 हा हिशेबही डोक्यातून गेला नव्हता.

सायंकाळी 7.25

लाइट गेली. मोबाइलची टॉर्च दातात धरून पुन्हा रॅम बसवायला घेतली. अंधार, घाम, कानाशी डास. रॅमच्या पट्टीतली खाच मधोमध नसते, जराशी एका बाजूला असते. रॅम उलटी धरली तर बसू नये म्हणूनच ती तशी. एक बाजू बसली, दुसरी बसेना. दोन्ही अंगठ्यांनी दाबली. बसली.

रात्री 8.05

लाइट आली. बटण दाबलं. पंखा फिरला, आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. धूर फार नव्हता, उदबत्तीच्या निम्मा. मामाजी खुर्चीवरून उठले, आपले कागद मागून घेतले आणि काही न बोलता पायऱ्या उतरले.

रात्री 10.20

उरलेल्या 37 जणांचे कागद गोणपाटाखाली झाकून मोटरसायकलवर दुसऱ्या केंद्रावर नेले. त्या पोराने बारापर्यंत जमतील तेवढे भरले: 16. बाकीचे मुदत 3 ऑगस्टपर्यंत वाढली म्हणून निभावले. त्या हंगामात राज्यात दीड कोटींहून जास्त अर्ज भरले गेले. माझ्या टेबलावरून शेवटच्या दिवशी एकही नाही.

मंगळवार, 1 ऑगस्ट, सकाळी 11

मेकॅनिकने कॅबिनेट आडवं केलं, आत बॅटरी मारली आणि हसला. हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यामागे चार पिनांची एक वायर लोंबत होती, दोन पिवळ्या, दोन काळ्या. प्रोसेसरची. एसएसडीसाठी जागा करताना मीच काढलेली.

त्याने ती बोर्डावर खटकन लावली. काळवंडलेल्या खाचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बटण दाबलं.

पंखा फिरला.